दहाव्या क्रमांकावरचा माणूस

(मंडळाच्या गणेशोत्सवात राजवाडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

व्याख्यानाला आपल्याकडे प्राध्यापक येतात, डॉक्टर येतात, वकील येतात. मी यांपैकी कोणी नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीला लागलेला उपयंत्री आहे. माझा रोजचा संबंध टेप, लेव्हल आणि मोजमाप पुस्तिका यांच्याशी. त्यामुळे कार्यकारिणीने ‘खेळातले विक्रम’ हा विषय दिला तेव्हा तो मला परका वाटला नाही. विक्रम म्हणजे शेवटी मोजमापच. किती धावा, किती बळी, किती सेकंद, किती मीटर. प्रश्न एवढाच असतो, की मोजायचं काय आणि ते नोंदवून ठेवायचं कोणी.

आमच्या कामात एक नियम आहे. पायाचं माप माती लोटण्याआधी घ्यावं लागतं. भिंत, स्लॅब, प्लास्टर हे सगळं नंतरही मोजता येतं, कारण ते दिसतं. पाया एकदा बुजला की कितीही खोल असला तरी कोणाला दिसत नाही. पुस्तिकेत नोंद नसेल तर ते काम झालंच नाही असं धरलं जातं. खेळाडूंच्या बाबतीतही असंच घडतं. आज मी पायात गेलेल्या अशाच एका माणसाबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव चंद्रशेखर त्रिंबक सरवटे. क्रिकेटच्या जगात चंदू सरवटे.

इंदूरात कोणाला नुसतं ‘सरवटे’ म्हणा, तो तुम्हाला थेट बस स्टँडवर नेऊन सोडेल. ते सरवटे वेगळे. ते तात्यासाहेब, म्हणजे विनायक सीताराम सरवटे, संविधान सभेचे सदस्य. त्यांचं मोठेपण आहेच आणि त्यांच्या नावाचं स्टँड आहे हे योग्यच आहे. पण ‘चंदू सरवटे’ म्हटलं तर रिक्षावाला विचारात पडेल. त्याचं सोडा, आपल्या घरातली क्रिकेटवेडी मुलंसुद्धा विचारात पडतील.

त्यांच्याकडे वळण्याआधी दोन मिनिटं बास्केटबॉलबद्दल बोलतो, कारण मला जे सांगायचं आहे त्यासाठी तिथला एक शब्द फार उपयोगी आहे. आपल्यातली बरीच मुलंमुली रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर खेळायला जातात, त्यांना तो ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. एक गडी बास्केटवर नेम धरतो. नेम चुकतो. चेंडू रिंगला किंवा फळ्याला आपटून परत येतो. त्या क्षणी चेंडू कोणाचाच नसतो. जो तो पकडेल त्याच्या नावावर एक ‘रीबाउंड’ लागतो. नेम आपल्या गड्याचा चुकला असेल तर संघाला पुन्हा संधी मिळते. समोरच्याचा चुकला असेल तर त्यांची संधी तिथेच संपते. या कामाला नुसती उंची पुरत नाही. चेंडू कुठल्या कोनातून सुटला आणि कुठे परतेल याचा अंदाज लागतो. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर थोपवून आपली जागा धरून ठेवावी लागते. उडी बरोबर वेळेला लागते. आणि इतकं करून गुण किती? शून्य. फलकावरचा आकडा बदलतो तो बास्केट करणाऱ्यामुळे.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मात्र या कामाची रीतसर नोंद ठेवतात. १४ फेब्रुवारी १९५३ रोजी विल्यम अँड मेरी कॉलेजच्या बिल चेंबर्सने व्हर्जिनियाविरुद्ध एकाच सामन्यात ५१ रीबाउंड घेतले. फिलाडेल्फियाच्या ला सॅल कॉलेजच्या टॉम गोलाने १९५१ ते १९५५ या चार वर्षांत मिळून २,२०१ घेतले. हे दोन्ही विक्रम सत्तर वर्षांनंतरही मोडलेले नाहीत. त्या काळी नेम जास्त चुकत, म्हणून परतणारे चेंडूही जास्त असत, हे खरं. पण ते चेंडू सगळ्यांसाठीच परतत होते. पकडले या दोघांनी.

क्रिकेटमध्ये रीबाउंड असा शब्द नाही, पण ते काम आहे. वरची फळी कोसळल्यावर खाली येऊन उभं राहणं. मुख्य गोलंदाज दमल्यावर चेंडू हातात घेणं. सलामीला कोणी तयार नसेल तर पॅड बांधून पुढे जाणं. दुसऱ्यांच्या हातून सुटलेलं उचलून घेणं. चंदू सरवट्यांनी आयुष्यभर हे काम केलं आणि ते करता करता विक्रमांच्या पुस्तकात आपलं नाव लिहून ठेवलं.

सरवट्यांचा जन्म २२ जुलै १९२० चा, सागरचा. १९३६-३७ च्या हंगामात, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, ते मध्य प्रांत व वऱ्हाडाकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. पुढे महाराष्ट्राकडूनही खेळले. उजव्या हाताने फलंदाजी आणि संथ फिरकी गोलंदाजी. मग ते होळकर संघात आले आणि इंदूरचेच झाले.

होळकर संघ म्हणजे काय होतं हे तरुणांना कदाचित माहीत नसेल. महाराजा यशवंतराव होळकरांचा आश्रय, कर्णधार कर्नल सी. के. नायडू, आणि संघात मुश्ताक अली, सी. एस. नायडू, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे अशी माणसं. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांपैकी दहा हंगामांत हा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि त्यांतल्या चार वेळा, १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ मध्ये, त्याने करंडक जिंकला. महूच्या छावणीत सैनिक म्हणून आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन या संघाकडून १९४४-४५ चा अंतिम सामना खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करून गेला. २४९ हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

अशा संघात एखाद्याचं नाव झाकलं जाणं सोपं असतं. सी. के. षटकार मारायचे तेव्हा लोक झाडांवर चढून बघायचे. मुश्ताक अली पुढे सरसावले की प्रेक्षक उभे राहायचे. सरवट्यांसाठी कोण झाडावर चढणार? पण १९४६ सालच्या तीन महिन्यांत त्यांनी जे केलं ते ऐका.

१९४५-४६ च्या हंगामाचा उपांत्य सामना, होळकर विरुद्ध म्हैसूर, इंदूरातच झाला. होळकर संघाने ८ बाद ९१२ वर डाव सोडला. रणजी करंडकातली ही सर्वोच्च धावसंख्या १९९३-९४ पर्यंत टिकली, तेव्हा हैदराबादने आंध्रविरुद्ध ९४४ केल्या. पण ९१२ पेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या एका डावात सहा जणांनी शतकं केली. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. एका डावात सहा शतकं हा विश्वविक्रम ठरला. कर्णधार नायडूंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. म्हैसूरच्या बिचाऱ्या गरुडाचारांना एकट्याला ३०१ धावा पडल्या.

ही सहा नावं क्रिकेटप्रेमींना पाठ असतात. त्याच सामन्याचं दुसरं पान मात्र फार कमी जण उलटतात. ९१२ धावा करून सामना जिंकता येत नाही, समोरच्याला बाद करावं लागतं. म्हैसूरचा पहिला डाव १९० धावांत आटोपला. त्यात नऊ बळी एकाच गोलंदाजाने घेतले, ६१ धावांत नऊ. तो गोलंदाज म्हणजे सकाळी शतक ठोकणाऱ्यांच्या यादीतले चंदू सरवटे. शतक १०१ चं, म्हणजे सहांमध्ये खालून दुसरं, नायडूंचंही तेवढंच. म्हणून नजर तिथे जात नाही. पण शतक आणि नऊ बळी एकाच सामन्यात, हे त्या दिवशी बाकी पाचांपैकी कोणाला जमलं नाही. होळकर संघ एक डाव आणि २१३ धावांनी जिंकला, पुढे अंतिम सामन्यात बडोद्यालाही हरवलं आणि करंडक पहिल्यांदा इंदूरला आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरवटे भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच परदेशी संघ पूर्ण दौऱ्यावर आला होता. कर्णधार पतौडीचे नवाब. संघात मर्चंट, हजारे, मंकड, मोदी, अमरनाथ, मुश्ताक अली. एवढी नावं असल्यावर इंदूरात शतक काढणाऱ्या माणसाला फलंदाजीत कुठला क्रमांक मिळणार? सरे परगण्याविरुद्धच्या सामन्यात त्यांना दहावा क्रमांक मिळाला.

११ मे १९४६, शनिवार, लंडनचं ओव्हल मैदान. सरेच्या गोलंदाजीत अॅलेक बेडसर होता. हाच बेडसर पुढच्या महिन्यात लॉर्ड्सवर आपल्या पहिल्याच कसोटीत भारताचे अकरा बळी घेणार होता. भारतीय संघाची अवस्था ९ बाद २०५ झाली आणि अकरावा फलंदाज शूट बॅनर्जी आत आला. हे बंगालचे वेगवान गोलंदाज. आता पाच-दहा मिनिटांचा प्रश्न, असंच सगळ्यांनी धरलं असणार. डाव संपल्यातच जमा समजून मैदानावरचा कर्मचारी कुठला रोलर फिरवायचा ते विचारायला आला होता, असा किस्सा जुन्या लेखांतून वाचायला मिळतो. रोलरला बराच वेळ थांबावं लागलं. शनिवारी संध्याकाळी दोघे नाबाद परतले. रविवारी इंग्लंडमध्ये खेळाला सुट्टी. सोमवारी पुन्हा दोघे मैदानात.

१९० मिनिटांत दोघांनी २४९ धावा जोडल्या. कॉम्प्टनने एकट्याने केल्या होत्या तेवढ्याच. बॅनर्जी १२१ वर बाद झाले, सरवटे १२४ वर नाबाद राहिले, भारतीय संघाच्या ४५४ झाल्या. इंग्लंडमध्ये शेवटच्या जोडीचा तोपर्यंतचा विक्रम २३५ धावांचा होता, १९०९ सालचा, केंटच्या वुली आणि फील्डर यांचा. तो मोडला. पण त्याहूनही मोठी गोष्ट अशी, की प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं करावीत, असं तोपर्यंत कधीच झालं नव्हतं.

फलंदाज म्हणून मान मिळाला, आता विश्रांती घ्यावी, असं सरवट्यांनी केलं नाही. सरेचा पहिला डाव १३५ वर संपला, त्यात आपल्या सी. एस. नायडूंनी हॅट्ट्रिक घेतली. फॉलोऑननंतर सरेने ३३८ केल्या. त्या दुसऱ्या डावात ५४ धावांत पाच बळी कोणाचे? पुन्हा सरवट्यांचेच. भारतीय संघाने सामना नऊ गडी राखून जिंकला.

मित्रहो, मार्च ते मे या काळातले हे दोन सामने शेजारी-शेजारी ठेवून बघा. इंदूरात वरच्या फळीत शतक आणि नऊ बळी. लंडनमध्ये दहाव्या क्रमांकावर शतक आणि पाच बळी. क्रमांक बदलला, देश बदलला, हवा बदलली. माणूस तोच राहिला. आमच्या कार्यालयात डिप्लोमावाला वेगळा आणि डिग्रीवाला वेगळा असा हिशेब असतो. टेबल कुठलं मिळालं यावर माणसाची किंमत ठरवायची सवय सगळ्यांनाच असते, कधी कधी टेबलावर बसलेल्यालाही. सरवट्यांनी ती सवय लावून घेतली नाही. दहावा क्रमांक दिला म्हणून त्यांनी दहाव्या क्रमांकासारखा खेळ केला नाही.

आता कोणी जाणकार उठून म्हणेल, “साहेब, हे सगळं ठीक आहे, पण कसोटीत काय केलं?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी झाकून ठेवणार नाही. सरवटे १९४६ ते १९५१ या काळात नऊ कसोटी सामने खेळले. एकूण धावा २०८, सरासरी १३. बळी फक्त तीन, आणि एकेका बळीसाठी १२४ हून जास्त धावा मोजाव्या लागल्या. आकडे असे आहेत. कसोटीच्या तराजूवर सरवटे हलके पडले, हे मान्य करायला हवं.

पण त्याच तराजूवर आणखी एक सामना ठेवू या. १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा. समोर ब्रॅडमनचा संघ, लिंडवॉल आणि मिलरचा मारा. मालिका आपण ४-० ने हरलो. विनू मंकडबरोबर सलामीला जायला कोणीतरी हवं होतं. दीड वर्षापूर्वी ओव्हलवर दहाव्या क्रमांकावर खेळलेल्या सरवट्यांना तिथे पाठवलं गेलं. जानेवारी १९४८, मेलबर्न, तिसरी कसोटी. मंकड आणि सरवटे यांनी पहिल्या जोडीसाठी १२४ धावा जोडल्या. मंकडने ११६ केल्या, सरवट्यांनी ३६. पुस्तकात शतक मंकडच्या नावावर आहे आणि ते योग्यच आहे. पण १२४ धावा होईपर्यंत दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभं होतं म्हणून ते शतक उभं राहिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर भिंत मंकडची, टेकू सरवट्यांचा.

गंमत म्हणजे त्याच सामन्यात पावसाने खेळपट्टी ओली झाली. तेव्हा खुद्द ब्रॅडमनने आपला फलंदाजीचा क्रम उलटा केला. शेपटाचे फलंदाज आधी पाठवले आणि खेळपट्टी सुकल्यावर स्वतः येऊन नाबाद १२७ केल्या. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या फलंदाजालाही गरज पडली तेव्हा खालच्या क्रमांकाची माणसंच ढाल म्हणून पुढे करावी लागली.

विक्रम आणि मान यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. सरवट्यांबरोबर त्या सहा शतकवीरांत असलेले भाऊसाहेब निंबाळकर आठवा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावा दूर होता. समोरच्या संघाने सामना सोडून दिला. भाऊसाहेबांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. आणि शूट बॅनर्जी? १९३६ आणि १९४६ असे इंग्लंडचे दोन दौरे करूनही कसोटी नाही. शेवटी १९४९ मध्ये मुंबईला वेस्ट इंडिजविरुद्ध एक सामना मिळाला. त्यात पाच बळी घेतले आणि तोच त्यांचा पहिला आणि शेवटचा कसोटी सामना ठरला. या दोघांच्या मानाने सरवट्यांना नऊ कसोटी मिळाल्या, हे नशीबच म्हणायचं.

पण माणसाचं माप नऊ सामन्यांत घ्यायचं की बत्तीस हंगामांत? १९३६-३७ ला सुरू झालेली त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द १९६७-६८ ला थांबली, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. १७१ सामने. ७,४३० धावा, १४ शतकं, सर्वोच्च २४६, तीही १९५०-५१ मध्ये बंगालविरुद्ध होळकरांसाठी. गोलंदाजीत ४९४ बळी, एका बळीमागे साडेतेवीसच्या आसपास धावा. पाचशेला सहा कमी. शेवटी फक्त आकड्यासाठी आणखी दोन-चार सामने खेळून पाचशे पूर्ण करून घेणारेही खेळाडू असतात. सरवट्यांच्या नावापुढे ४९४ असेच आहेत. मला तो अपुरा आकडा पाचशेपेक्षा जास्त आवडतो.

त्यांची आणखी एक बाजू सांगतो, कारण इथे नोकरदार मंडळी बरीच बसली आहेत. क्रिकेटवर पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. सरवटे व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. विचार करा, सुट्टीच्या दिवशी फिरकी टाकणारी बोटं कामाच्या दिवशी दुसऱ्यांच्या बोटांचे ठसे तपासायची. भिंग लावून एकेक रेषा बघायची, घाई करायची नाही, दिसतं तेवढंच लिहायचं. फिरकी गोलंदाजालाही हाच धीर लागतो. नोकरीमुळे खेळ सुटला किंवा खेळामुळे नोकरी सुटली असं म्हणणारे आपण खूप ऐकतो. या माणसाने दोन्ही सांभाळून बत्तीस हंगाम काढले.

पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर गेले. १९८३ ला कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला हे प्रत्येक मुलाला माहीत आहे. तो संघ निवडणाऱ्या पाच जणांची नावं किती जणांना सांगता येतील? अध्यक्ष गुलाम अहमद, आणि बरोबर बिशनसिंग बेदी, पंकज रॉय, चंदू बोर्डे आणि आपले चंदू सरवटे. त्या संघाकडे नीट बघा. रॉजर बिन्नी, मदनलाल, मोहिंदर अमरनाथ, कीर्ती आझाद. थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी, पडेल ते काम करणारी माणसं. इंग्लंडच्या हवेत अशा माणसांनी सामने कसे जिंकून दिले ते सगळ्यांनी पाहिलं. निवड पाच जणांची मिळून होती, तिचं श्रेय एकाला देता येत नाही. पण अशा खेळाडूंची किंमत काय असते हे समितीतल्या एका माणसाला स्वानुभवाने ठाऊक होतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

२३ डिसेंबर २००३ रोजी इंदूरातच त्यांचं निधन झालं.

त्यांचा विक्रम मात्र शाबूत होता. दहावा आणि अकरावा, दोघांचीही शतकं एकाच डावात, अशी दुसरी नोंद १९४६ नंतर कित्येक दशकं झाली नाही. ती झाली फेब्रुवारी २०२४ मध्ये, मुंबईत, बडोद्याविरुद्धच्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात. दहाव्या क्रमांकावर तनुष कोटियन नाबाद १२०, अकराव्या क्रमांकावर तुषार देशपांडे १२३. भागीदारी २३२ धावांची. रणजीतला शेवटच्या जोडीचा विक्रम अजय शर्मा आणि मनिंदर सिंग यांचा २३३ चा, तो एका धावेने हुकला, आणि सरवटे-बॅनर्जी यांचे २४९ आणखी पुढे राहिले. मुंबईने त्या वर्षी करंडक जिंकला. त्या दिवशी बातम्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांनी पुन्हा चंदू सरवट्यांचं नाव आलं. विक्रमाचा हा एक फायदा असतो. माणूस विसरला गेला तरी आकडा त्याला हाक मारून परत बोलावतो. पण आकडा नसलेल्यांचं काय?

या प्रश्नासाठीच मी आज उभा आहे. २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने बंगळुरूला मुंबईला हरवून रणजी करंडक जिंकला. होळकरांच्या १९५२-५३ च्या विजेतेपदानंतर एवढ्या वर्षांनी तो करंडक आपल्याकडे आला. आज होळकर स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामने होतात, तिथे २०११ मध्ये सेहवागने २१९ केल्या. ही दिसणारी इमारत आहे. तिचा पाया ज्यांनी भरला त्यांचं माप आपण घेतलं आहे का? १९४६ चा म्हैसूरचा सामना दहा वर्षांच्या ज्या मुलाने पाहिला असेल, तो आज नव्वदीच्या घरात आहे. आपल्या ओळखीत, आपल्या वाड्यांत, लोकमान्य नगरात, रामबागेत असे एखाद-दोन आजोबा नक्की असतील. माती लोटली जाते आहे, मित्रहो. माप आत्ताच घ्यायला हवं.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो.

पहिली. तरुण मंडळींनी या वर्षी मोबाइल घेऊन अशा ज्येष्ठांकडे जावं आणि होळकर संघाच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. कोणी खेळ पाहिला असेल, कोणी धावफलकावर पाट्या लावल्या असतील, कोणाच्या वडिलांनी खेळपट्टीवर रोलर फिरवला असेल. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ती पानं छापू या. मुलांना धावपुस्तिका लिहायला शिकवू या. जो बारकाईने लिहितो तो बारकाईने बघायला लागतो.

दुसरी. आपल्या स्पर्धांत पहिला, दुसरा, तिसरा अशी बक्षिसं असतात, ती राहू द्या. त्यांच्या जोडीला एक ‘दहाव्या क्रमांकाचं’ बक्षीस सुरू करा. ते अर्ज करून मिळणार नाही, कार्यकर्त्यांनी एकमताने द्यायचं. दहा दिवस नाटकाचा पडदा कोणी ओढला, महाप्रसादाची भांडी कोणी घासली, विसर्जनानंतर निर्माल्य कोणी गोळा केलं, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांकी बघून सगळे झोपले तेव्हा मंडपाच्या बल्ल्या कोणी उतरवल्या, हे आपल्याला माहीत असतं. फक्त व्यासपीठावरून कधी सांगितलं जात नाही. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतं आहे ते कशामुळे? दुसऱ्यांच्या हातून पडलेलं पहाटे उचलणाऱ्या सफाई मित्रांमुळे. बास्केटबॉलवाल्या मुलांनो, तुमच्या भाषेत तेच रीबाउंड.

बालगोपाळांना शेवटचं सांगतो. तुम्ही खेळाल तेव्हा सगळ्यांनाच सलामी मिळणार नाही. सगळ्यांनाच बास्केट करता येणार नाही. कधी शाळेच्या संघात दहावा क्रमांक मिळेल, कधी नुसतं पाणी घेऊन जायचं काम मिळेल. घरी येऊन रुसू नका. नऊ गडी बाद झाल्यावरसुद्धा २४९ धावा शिल्लक असू शकतात. त्या कोणीतरी काढायच्या असतात, आणि त्या काढणाऱ्यांपैकी एक माणूस याच शहरात राहून गेला.